पाचर

लिओनिल्द सेर्पाच्या कारखान्यात
मी नाकं करायचो.
पोर्तुगालात, बोर्बा गावी, खाणीच्या काठावर,
जिथे संगमरवर एवढा
की उंबरे त्याचेच, डुकरांच्या गव्हाणीही त्याच्याच.

डोळे ती स्वतः करायची.
केसांच्या बटा जुवेन्सियोकडे, बटेमागे पैसे,
म्हणून आमचे सगळे देवदूत कुरळे.
मला नाक, कानाची पाळी,
आणि थडग्यांवरच्या मोठ्या घरच्या मुलींची बोटं.
एका हिवाळ्यात एकोणीस झाली.
विसावं तिने करू दिलं नाही.
"राहू दे, आबेल. तिथे दगडच बरा दिसतो."
मला वाटलं, पैसे संपले असतील.

मग नोटरी काब्राल वारला
आणि त्याची बायको दर गुरुवारी येऊ लागली
अर्धपुतळा बघायला.
ओठ असे नव्हते ह्यांचे.
हनुवटी जरा कमी.
कपाळावर एवढा राग कशाला?
लिओनिल्द न बोलता टाकी उचलायची.
गुरुवारामागून गुरुवार
नोटरी वाळत गेला, आजारात वाळला नव्हता इतका.
अकराव्या खेपेला बाईंनी रुमाल काढला,
"हेच ते," म्हणाल्या,
आणि मांडीवर घेऊन गेल्या
डाळिंबाएवढं डोकं.

खाली उरल्या कपच्या.
त्यातला एक, मानेमागून निघालेला,
वीतभर, तीन बाजूंचा,
मी दाराला पाचर म्हणून लावला.
आमच्याकडे वारा स्पेनहून येतो
आणि दार आपटत राहतं.

दीड महिना ती त्या दारातून ये-जा करत होती.
एका दुपारी मात्र उकिडवी बसली
पाचरीसमोर,
आणि सावली सरकेल तशी
खडूने फरशीवर तिची कड ओढत राहिली.
जेवली नाही. देवदूताचा गिऱ्हाईक परत गेला.
अंधारलं तेव्हा म्हणाली,
"गुण्या आण."

त्यानंतर नाक नाही.
आधी चेहरे गेले, मग हात, मग खांदे.
गुडघे बरेच टिकले.
मला ते कितीतरी वर्षं दिसायचे तिच्या दगडात,
विचारलं तर म्हणायची, कोन आहे तो.
जुवेन्सियो लिस्बनला ट्रामवर लागला.
बायको म्हणाली, पाचर तू दाराला नाही मारलीस,
आपल्या पोटाला मारलीस.
रोज रात्री विचारायची, आज काय केलंस?
सपाट.
आणि काल?
तेच सपाट.

नाक चुकलं तर ते निदान
दुसऱ्या कुणाचं तरी होतं.
सपाट चुकलं की कुणाचंच नाही.
केसाएवढा उंचवटा
डोळ्याला सापडत नाही, पेराला सापडतो,
तोही बोट धुऊन कोरडं केल्यावर.
ओळंबा सोडला की आम्ही दोघं
श्वास धरून उभे,
तो डोलायचा थांबेपर्यंत.
लग्नातसुद्धा मी इतका गप्प उभा नव्हतो.

ती सत्तरीची झाली त्या साली
काब्रालबाई आल्या, नातवाच्या हाताला धरून,
डोळ्यांत मोतीबिंदू.
अंगणात तीन मीटरची शिळा उभी होती,
माथ्याजवळ एकच तिरपा छेद.
बाई तिच्याभोवती फिरल्या,
छेदात कोपरापर्यंत हात घातला,
बराच वेळ काढला नाही.
मग म्हणाल्या,
"अजून जरा कमी."

नातू ओशाळला. मीही.
लिओनिल्दने चष्मा पुसला,
छेदाकडे पाहिलं,
बाईंकडे पाहिलं,
आणि टाकी मागितली.

पाचर आता लिस्बनमध्ये काचेत आहे.
खाली तिचं नाव, साल, वजन.
मला विचारलं असतं तर सांगितलं असतं,
वजन चुकलंय,
आम्ही झिजवली ती सहा आठवडे, दाराने आणि फरशीने.

इकडे वारा आहेच.
मी खुर्ची लावतो दाराला,
ती सरकते.